सांग पाहू, कुठला रंग?

"सांग पाहू, कुठला रंग?"

मास्तरांनी प्रश्न टाकला आणि पेन्सिलीने काचेवर टकटक केलं. मास्तरीणबाई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. माशांच्या टाकीपुढे वाकल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हिरवा."

"शाब्बास," असं म्हणून मास्तर चहाला बसले.

टाकीत बोराएवढा काचेचा फुगा लटकत होता आणि त्यात थोडंसं औषध होतं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू कमी पडला की ते निळं होई, बेताचा असला की हिरवं आणि जास्त झाला की पिवळं. निळं म्हणजे टाकीतली रोपं उपाशी, दिव्याचा उजेड मग शेवाळाच्या पथ्यावर. पिवळं म्हणजे मासे गुदमरणार. मास्तरांची पहिली टाकी शेवाळाने गेली होती आणि दुसरीत मासे उलटे तरंगले होते. ही तिसरी. हीसुद्धा गेली तर सगळं सामान विकून टाकीन, असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं. पण ही टाकी दीड वर्षात अशी बहरली की घरी आलेला माणूस आधी तिला भेटे आणि मग मास्तरांना.

मास्तर याचं श्रेय शिस्तीला देत. दिवा बरोबर आठ तास. सिलिंडरमधून त्या वायूचे सेकंदाला दोन बुडबुडे. आणि रोज सकाळी ही तोंडी परीक्षा.

परीक्षेतच पाणी मुरत होतं. मास्तरांना हिरव्या-पिवळ्यातला फरक जन्मापासून कळत नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, पण एकाही परीक्षानळीचा रंग स्वतः सांगितला नाही. "सांगा पाहू, कुठला रंग?" असं वर्गालाच विचारायचं. पहिल्या बाकावरची मुलं ओरडायची आणि मास्तर फळ्यावर लिहायचे. मुलांना बोलतं करावं तर मास्तरांनीच, असं सगळे म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची! निवृत्तीनंतर पहिल्या बाकावर मास्तरीणबाई आल्या, आणि त्यांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

एका सकाळी मास्तरीणबाईंनी चहा कपाशेजारी ओतला. सरळ टेबलावर, अगदी निगुतीने. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा मास्तर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, पहिल्या बाकावरची, रंग सांगताना सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी. तिने दोन्ही डोळे तपासले आणि मान हलवली.

"सर, मोतीबिंदू पार पिकलाय. काकूंना वर्षभर तरी सगळं धुक्यातच दिसत असणार. रंग तर कळतच नसतील. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" मग ती हसून म्हणाली, "आलाच आहात तर तुमचेही डोळे बघू का?"

"माझे ठणठणीत आहेत," मास्तर घाईघाईने म्हणाले आणि खुर्चीतून उठलेच.

घरी येईपर्यंत त्यांनी दम धरला. दार लावलं आणि मग मात्र त्यांचा स्फोट झाला. "दिसत नव्हतं, तर रोज हिरवा कसा सांगायचीस? मासे मेले असते म्हणजे?"

"सुरुवातीला दिसायचा की. हिरवाच असायचा. पुढे धूसर झालं, पण ऑपरेशनची भीती वाटायची हो. आणि हिरवा म्हटलं की तुम्ही शांतपणे चहा पिता. दुसरं काही म्हटलं असतं, तर दिवसभर त्या टाकीत हात घालून बसला असता." त्या एकदम थांबल्या. "पण अहो, तुमचे डोळे ठणठणीत ना? मग मला कशाला विचारायचात?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न एकाही पोराने विचारला नव्हता. मास्तर सगळं सांगून मोकळे झाले. सांगताना त्यांना रडू आलं. मास्तरीणबाई आधी चिडल्या, मग त्यांना हसू आवरेना. आता घरात लपवाछपवी नाही, असं दोघांनी ठरवलं.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं. मधल्या काळात टाकीचं वेळापत्रक कोणी बदललं नाही. मास्तरीणबाईंना आता भिंतीवरची जाळी दिसू लागली, मास्तरांच्या पायातले दोन रंगांचे मोजे दिसू लागले.

"सांग पाहू, कुठला रंग?" मास्तरांच्या आवाजात या वेळी परीक्षकाचा तोरा नव्हता.

मास्तरीणबाईंनी नवे डोळे फुग्याला लावले. खरं बोलायचं ठरलंच होतं, म्हणून त्यांनी काटेकोर सांगितलं, "हिरवाच. पण किंचित पिवळसर."

मास्तरांनी वायू किंचित कमी केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, हिरवाच, पण किंचित निळसर. वायू वाढवला. मग दिवा सात तास, मग नऊ, मग साडेआठ. फुग्याचा रंग बदलायला दोन तास लागतात. मास्तरांचा धीर दहा मिनिटांत सुटे. इतकी खरी माहिती त्या टाकीला आयुष्यात मिळाली नव्हती. तीन आठवड्यांत पानांना शेवाळाची दाढी फुटली आणि मासे वर येऊन आ वासू लागले.

सामान विकायची जाहिरात मास्तरांनी लिहून ठेवली. मग शेवटचा प्रयत्न म्हणून जुनं वेळापत्रक लावलं. आठ तास दिवा, दोन बुडबुडे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टाकीपुढे उभे राहिले, तेव्हा हात सिलिंडरच्या चावीवरच होता.

"सांग पाहू," ते पुटपुटले, "कुठला रंग?"

मास्तरीणबाई जवळ आल्या. फुग्यासमोर वाकल्या. मग मास्तरांकडे तोंड करून त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटले आणि म्हणाल्या, "हिरवा."

मास्तरांनी ते मिटलेले डोळे नीट पाहिले. चावीवरचा हात काढला, "शाब्बास" म्हणाले आणि चहाला बसले.