अकरा दारं, एक प्रमाणपत्र

दारागणिक वेगळं प्रमाणपत्र काढणाऱ्यांना पराग बावळट समजायचा. ऑफिसात तो चाळीस कंपन्यांचे मेल सर्व्हर ओळख पटवणाऱ्या एकाच डिजिटल प्रमाणपत्रावर, सगळ्यांची नावं त्याच्या यादीत घालून, चालवायचा. घरांची दारंही माणसांकडे प्रमाणपत्र मागू लागली, तेव्हा त्याने आपली जाण्यायेण्याची अकरा दारं एकाच प्रमाणपत्रात कोंबली. आज बहिणीचा साखरपुडा, आणि आईचं दार म्हणालं, "तुमच्या प्रमाणपत्राच्या यादीत हे घर नाही."

आई खिडकीत आली. "सासुरवाडीचं दार आहे यादीत?"

"आहे."

"जिमचं?"

"आहे."

"तिथे जातोस तरी कधी?"

"आई, यादीत नवं दार घालायला तीन दिवस लागतात. तू आतून उघड ना."

"उघडणारच होते. पण दार विचारतंय, या माणसाची हमी घेता का."

"मग?"

"नाही म्हटलं," असं सांगून आई पेढे वाटायला वळली.