छापील अभिप्राय

सेविकांच्या प्रशिक्षणात ‘मुलांशी संवाद’ या विषयावर साहेब तीन तास एकटेच बोलले. अंगणवाडीसेविका चैती उसेंडीने दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा साहेबांनी “प्रश्न नंतर” म्हणून तिला खाली बसवलं.

शेवटी अभिप्रायाचे कागद आले. त्यांवर ‘प्रशिक्षण उत्तम झाले’ असं आधीच छापलेलं होतं. सेविकांनी फक्त सही करायची होती. चैतीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने छापील ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘अंगणवाडीतली पोरं माडिया बोलतात. पुस्तक मराठीत आहे. शिकवू कसं, हे तीन वर्षं विचारतेय.’

साहेबांनी कागद वाचला. “बाई, तुमचं हे वागणं मला वर कळवावं लागेल.”

“कळवा, साहेब,” म्हणत चैतीने त्यांच्यासमोरच सही केली. “तेवढाच माझा प्रश्न वर पोचेल.”