रुमाल सरकला तेव्हा

रांगेतल्या त्या मुलाला पद्मजाने आत पाऊल टाकताक्षणीच ओळखलं.

येरवड्याच्या तुरुंगातली लांबट खोली होती. भिंतीशी साधारण एकाच वयाची, एकाच बांध्याची मुलं उभी केली होती. दारापाशी दोन पंच, टेबलामागे नायब तहसीलदार बाई. पोलीस बाहेर थांबले होते. ओळख परेडला त्यांना आत येता येत नाही. बाईंनी शांतपणे समजावलं, की घाई नाही, प्रत्येकाकडे नीट पाहा, आणि मोटरसायकलवर मागे बसलेला माणूस यांच्यात असेल तर त्याच्या खांद्याला हात लावा.

पद्मजा रांगेसमोरून चालत गेली आणि त्या मुलासमोर थांबली. एक भुवई मधोमध तुटलेली, खालचा ओठ जाड. तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. याच्यासमोर उभं राहिल्यावर राग येईल, असं तिला वाटलं होतं. आला नाही. तिचा नवरा दिगंबर गेल्यापासून काहीच येत नव्हतं. रडूसुद्धा नाही.

दोघं सकाळचे फिरायला निघाले होते. कोथरूडमध्ये, त्यांच्या सोसायटीसमोरच्याच रस्त्यावर, मोटरसायकल मागून आली. मागे बसलेल्याने पद्मजाच्या मंगळसूत्राला हात घातला. दिगंबरने त्याचा शर्ट पकडला आणि सोडला नाही. मोटरसायकलबरोबर फरपटत गेला आणि त्याचं डोकं दुभाजकावर आपटलं. त्या झटापटीत मागच्याच्या तोंडावरचा रुमाल सरकला होता. पद्मजाने चेहरा पाहिला होता. जबाबात तिने तसं सांगितलं होतं, आणि ते खरं होतं.

पण काल संध्याकाळी आमोदने, तिच्या मुलाने, तिच्यासमोर मोबाइल धरला. रांगेतला हा मुलगा पकडला गेला तेव्हा कुणीतरी काढलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता. नीट बघून ठेव, उद्या गोंधळू नकोस, असं आमोद म्हणाला. ती नको म्हणेपर्यंत बघून झालं होतं.

तिने डोळे मिटले आणि रस्ता आठवला. रुमाल सरकला. खाली हाच चेहरा होता. तुटकी भुवई, जाड ओठ, लख्ख. कालच्या आधी तो इतका लख्ख नव्हता. मग कालच्या आधी तिथे काय होतं? कोवळा, घाबरलेला कुणीतरी, एवढंच हाती लागत होतं. भुवई तुटलेली होती का? असेल. तिने रुमाल पुन्हा सरकवून पाहिला. पुन्हा हाच.

निवृत्त होईपर्यंत ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होती. स्मृतीवरचं प्रकरण सुरू करायच्या दिवशी ती एखाद्या अनोळखी माणसाला आधीच सांगून ठेवायची. तो तास चालू असताना वर्गात घुसायचा आणि टेबलावरची तिची पर्स उचलून पळायचा. मग ती मुलांना त्याचं वर्णन करायला लावायची. कुणीतरी ठासून लाल शर्ट म्हटलं, की ज्यांनी शर्टाकडे बघितलंही नव्हतं त्यांनाही तो लाल आठवायला लागायचा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि मागाहून कळलेलं मन एकाच डब्यात टाकतं आणि डब्यावर नाव घालत नाही, असं ती सांगायची. वर्ग हसायचा. तीही हसायची.

"मॅडम?" तहसीलदार बाई म्हणाल्या.

"याला मी ओळखते," पद्मजा म्हणाली.

मुलाने डोळे मिटून घेतले.

"पण कुठून ओळखते, ते मला सांगता येत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. असं लिहिता येणार नाही, त्या म्हणाल्या. मोटरसायकलवरचा माणूस हाच, असं आपण सांगताय की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

पद्मजा तशीच उभी राहिली. हात जरा उचलला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. मुलाच्या कपाळावरचा घाम ओघळून डोळ्यात उतरला, तरी त्याने तो पुसला नाही. पंचांपैकी एकजण खाकरला.

"नाही सांगत," ती म्हणाली.

दाखवलेल्या जागी तिने सही केली. बाहेर आली तेव्हा इन्स्पेक्टर आमोदशी बोलत होते. चेहरा पाहणारं माणूस एकच होतं, तुमच्या आई, आता अवघड आहे, असं ते सांगत होते. सांगून झाल्यावर त्यांनी पद्मजाला नमस्कार केला आणि ते आत गेले.

आमोदने तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं, स्वतः स्टिअरिंगमागे येऊन बसला आणि किल्ली हातातच धरून राहिला. तो त्यांच्यात होता का, असं त्याने विचारलं. ठाऊक नाही, असं तिने सांगितलं. समोरून एक बस गेली, मागोमाग शाळेच्या रिक्षा गेल्या.

"आई," शेवटी तो म्हणाला, "मी काल फोटो दाखवला नसता, तर तू ओळखलं असतंस?"

हे तिला कधीच कळणार नव्हतं. तो कालच्या आधीचा चेहरा आता कुठेच नव्हता.

"नाही," तिने लगेच सांगितलं.

आमोद तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने गाडी सुरू केली.