मधल्या पुलावरची किल्ली

सून सायकल चालवत नव्हती, नुसती उडत होती. शेवटचा टप्पा! धरणापासून समुद्रावरच्या दीपगृहापर्यंत, कालव्याच्या काठाकाठाने जाणारी ती लांबलचक सायकलवाट. महिन्यातून एक सोमवार, एक टप्पा. एकवीस झाले होते, आज बाविसावा. आठ किलोमीटर झाले तरी तिला दम लागला नव्हता.

पहिल्या टप्प्याला ती आणि सासू बरोबर निघाल्या होत्या. तिसऱ्या किलोमीटरलाच भांडल्या. ही म्हणे, जरा जोर लावा. ती म्हणे, आधी गिअर नीट टाकायला शिक. "एका म्यानात दोन तलवारी कशाला कोंबता?" असं म्हणून सुनेचा नवरा मोकळा झाला.

सासूने बत्तीस वर्षं जमिनीची मोजणी केलेली. तोडगा तिनेच काढला. सुनेला टप्प्याच्या सुरुवातीला उतरवायचं, आपण गाडी घेऊन शेवटाला जायचं आणि तिथून उलट्या दिशेने सायकल हाणायची. मध्ये गाठ पडली की किल्ली सुनेच्या हातात. मग सुनेने पुढे जाऊन गाडी घ्यायची आणि सासूला आणायला फिरून यायचं. टप्पा दोघींचा पुरा, भांडणाला जागाच नाही.

सुरुवातीला किल्ली द्यायला अर्धं मिनिट लागायचं. पुढे पुढे त्यात पाणी आलं, सोललेली संत्री आली, शेजारणीच्या तक्रारी आल्या. मग अर्धा तास कसा जाई, कळत नसे. "चल, ऊन चढलं," असं म्हणून सासूच आधी उठायची आणि दोघी दोन दिशांना लागायच्या.

येत्या शनिवारी सुनेचं सामान हलणार होतं. तिला दूरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात परिचारिकेची नोकरी लागली होती. सासू आपलं घर सोडायला तयार नव्हती. आज एकदाच, गाठ पडल्यावर पुढे सासूबरोबर, एका दिशेने जायचं, असं सुनेच्या फार मनात होतं. पण विचारायचं कसं? तसं केलं तर एकीचा अर्धा टप्पा राहणार. आणि स्वयंपाकघरातल्या नकाशावर सासू एकेक टप्पा लाल पेन्सिलीने रंगवत आलेली. एकदा चाक पंक्चर झालं आणि चाळीस पावलं सायकल ढकलावी लागली, तर पुढच्या वेळी ही बाई तेवढ्या चाळीस पावलांसाठी परत गेली होती. अशा माणसाला अर्धं सोडा म्हणायची कुणाची छाती आहे?

मधल्या पुलावर लाल हेल्मेट दिसलं. सुनेने लांबूनच घंटी वाजवली. पलीकडूनही घंटी वाजली, दोनदा.

आज सोललेली संत्री तशीच राहिली. सासूने खिशातून किल्ली काढून तिच्या तळव्यावर ठेवली.

"चल, ऊन चढलं."

सून उठली. सासूनेही सायकल उचलली आणि तोंड वळवलं, दीपगृहाकडे.

"आई, तुमचं तिकडे राहिलंय!"

"मोजणी मला शिकवतेस?"

"अहो, चौदा किलोमीटर राहतील!"

"तोंड काय चालवतेस? पाय चालव."

आणि ती निघालीसुद्धा. सून मागून ओरडत, हसत सुटली. तिसऱ्या किलोमीटरला गिअरवरून भांडण झालं, ते दोघींनी मनापासून केलं. मग खारा वारा आला, झाडं संपली आणि समोर एकदम समुद्रच! दोघी लहान पोरींसारख्या किंचाळल्या. दीपगृहाच्या भिंतीला दोघींनी एकदमच हात लावला.

दम खाल्ल्यावर सुनेला नकाशा आठवला. "आई, एवढा सगळा लाल केलात आणि शेवटी तेवढाच तुकडा कोरा राहणार. मी गेल्यावर करून टाका हो तुम्ही."

सासूने हेल्मेट काढलं आणि घाम पुसला.

"एकटीने कसा करू? मध्ये किल्ली कुणाच्या हातात देऊ?"