चारुआत्याचं केळवण

"मी लग्न करतेय," छप्पन्न वर्षांची चारुआत्या म्हणाली आणि बाबांचा चहा बशीबाहेर गेला.

लग्न झालं की माणूस आपल्या घरात गडप होतो, हा आमच्या घराण्याचा अनुभव. सांगलीच्या काकांना नातू झाला, हे बाबांना आत्याकडून कळलं. बाबांचं ऑपरेशन झालं, हे काकांनाही तिच्याचकडून. सगळ्यांना फोन करणारी ती एकटी, कारण बिनलग्नाची तीच. आता तीही गडप झाली, तर आम्ही एकमेकांना शोधायचं कुठे?

"केळवणाला येईन," आत्या म्हणाली, "पण बाकीच्यांना तूच फोन करून बोलव, दादा. मी नवरी आहे, मला लाज वाटते."

बाबांनी काकांना फोन लावला. "मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?"

मग भांडण झालं, मग दोघं रडले, मग पुरणपोळीचा बेत ठरला. आमच्या पाठोपाठ काकांनी केळवण केलं, मग मोठ्या आत्याने. प्रत्येक ठिकाणी सगळे हजर.

शेवटच्या केळवणात विडा चघळताना बाबांना आठवलं. "चारू, अगं, नवरा कोण?"

"ते अजून ठरायचंय," म्हणत आत्याने मिळालेली साडी पिशवीत घातली.

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. बाबा मात्र इतके चिडले, की घरी आल्या आल्या तिची तक्रार करायला त्यांनी सांगलीला फोन लावला.

"मी बोलतोय."

"बोल, दादा."