पाठराखीण

तुळसाच्या तोंडून शब्द निसटला आणि मांडवातल्या बायकांचे हात होते तिथेच थांबले.

"ये गो ये, लक्ष्मीचे आये, हलद लावाला ये."

नवरी लक्ष्मीची आई शिमग्याच्या सुमाराला पटकीने गेली होती. हळदीला तिच्या जागी मावशीला, हौसाबाईला, हाक मारायची हे तुळसाने सकाळपासून घोकघोक घोकलं होतं. हौसाबाई वाटी घेऊन तयारच उभी होती. पण धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, म्हणण्याचा तुळसाचा हा पहिलाच दिवस. गावची धवलारीण म्हणजे तिची सासू आवडाबाई. तिचा गाण्याचा आवाज पार गेला म्हणून सुनेला पुढे बसवलेलं. घाबरलेलं माणूस नवं सांगितलेलं विसरतं आणि जुनं पाठ असलेलं बोलून जातं.

आणि धवला म्हणजे काही जात्यावरची ओवी नव्हे, चुकली की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला. आगऱ्यांची लग्नं धवल्यावर लागतात. देव असो, पितर असो, ज्याला हाक मारली तो आल्याशिवाय पुढचं कार्य व्हायचं नाही, आणि हाक मागे घेता येत नाही.

पाटावरची लक्ष्मी मान वर करून मांडवाच्या दाराकडे बघू लागली. दहा वर्षांची पोर ती. बोलावलं म्हणजे आई येणार, असंच तिला वाटलं. तिचं ते बघणं तुळसाला सोसवेना.

"थांबू नको," मागून सासू कुजबुजली. "थांबलीस तं इपरीत व्हईल."

"याचे फुडं कायच नाय गो आये."

खरंच नव्हतं. मेलेली बाई मांडवात आली तर काय म्हणायचं, हे कुठल्याच धवल्यात नव्हतं. तुळसाला रडूच कोसळणार होतं, त्याच्या जागी भलतंच काही बाहेर आलं.

"आली गो आली, खाडीचे वाटंनी आली,
मिठाचे पायांनी पायरीशी ऱ्हायली.
हात तिचा दिसं ना, हलद दिसं गो,
लेकीचे गालावर बोटां उमटली."

हौसाबाईने डोळे मिटून पोरीच्या गालाला हळद लावली. बायकांनी ओळ उचलली. मांडवाच्या खांबाशी उभा असलेला लक्ष्मीचा बाप, गोपीनाथ, पाठ फिरवून बाहेर निघून गेला.

धवले म्हाताऱ्यांकडून घ्यायचे असतात. कोणी ते रचत नसतं. तुळसाने रचला होता. आणि भीती त्याहून मोठी अशी, की आत आणखी ओळी येऊन उभ्या होत्या.

"कोनी शिकवला तुला यो?" हळद उरकल्यावर सासूने विचारलं.

"कोनी नाय."

म्हातारीने तिला जवळ ओढलं. "बोलावलास तं बोलावलास. आता धाडशील कशी?"

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. उन्हं कलायच्या आत मांडवात बोलावलेल्या देवांना आपापल्या ठाण्याला परत धाडायचं होतं. ते तुळसाला पाठ होतं. एकेक करून सगळे गेले. एकटी लक्ष्मीची आई राहिली.

लक्ष्मीने तुळसाचं लुगडं घट्ट धरलं. "आयेला नको गो धाडू."

तुळसाने सासूकडे बघितलं.

"मना नको ईचारू," आवडाबाई म्हणाली. "यो धवला तुजा हाय."

तुळसाने डोळे मिटले.

"लेक चालली सासरी, एकली कशी जाईल?
पाठराखीन कोन गो? आयच तिची जाईल."

वरपक्षात कुजबुज झाली. नवरीसोबत पहिल्यांदा सासरी जायला पाठराखीण लागते खरी, पण ती अशी? विहीणबाईचा चेहरा उतरला. पण म्हटलेलं म्हटलं गेलं होतं. पाठराखीण म्हणून हौसाबाई निघायची होती. तिने काखेतलं गाठोडं खाली ठेवलं. हे तुळसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोरीबरोबर आता जितंजागतं असं आपलं माणूस एकही जाणार नव्हतं.

खाडीला भरती होती. होडी धक्क्याला लागली. लक्ष्मी आत बसली आणि शेजारी एका माणसापुरती जागा सोडून तिने पदर आवरून घेतला. पलीकडे तिची सासू बसली होती. त्या रिकाम्या फळीकडे सासूने एकदा पाहिलं आणि ती थोडी सरकली.

जागा करून द्यायला सरकली, की भिऊन, ते काठावरून तुळसाला कळलं नाही.