जनकाबाईचा आवाज

पासष्ट साली मोताळ्याच्या आसपास देवीची साथ पसरली, तेव्हा कोकिळाताईंच्या सेवा मंडळाने प्रचारासाठी नवा टेपरेकॉर्डर आणला. लस टोचणारे गावात आले, की बाया लेकरांना घेऊन तुरीच्या शेतात लपायच्या. “यात डॉक्टरसाहेबांचं भाषण भरा, म्हणजे लोक ऐकतील,” असं मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. ताई मात्र ते यंत्र घेऊन जनकाबाईच्या घरी गेल्या. मागच्या साथीत तिच्या मुलाचे दोन्ही डोळे गेले होते. “मले भाषण येत नाई वो ताई,” जनकाबाई यंत्राकडे बघत म्हणाली. “भाषण नकोच. तुमच्या लेकराचं काय झालं, तेवढं सांगा.” बोलता बोलता तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. बाजाराच्या दिवशी मोताळ्यात लस टोचणाऱ्यांच्या टेबलाशेजारी लावलेल्या कर्ण्यातून तिचा आवाज आला, “म्या बी लेकरू लपवलं होतं. देवीचा कोप होईन म्हणून भेली होती. आता त्याले मायं तोंड दिसत नाई. बायाहो, तुमी तसं करू नका.” भाजीचा भाव करणाऱ्या बाया कर्ण्याकडे वळल्या. “हे तं आपली जनकाबाई बोलून राह्यली!” एक ओरडली आणि कडेवरच्या मुलीची बाही वर सारत तीच आधी पुढे आली. तिच्यामागे दुसरी आली, मग बघता बघता रांग लागली. दुपारी लस संपली, तरी रांग संपेना; अध्यक्ष स्वतः जीप घेऊन बुलढाण्याला आणखी लस आणायला निघाले. जनकाबाई कर्ण्याजवळ येऊन ताईंना म्हणाली, “पुन्हा लावा. मागच्यायले आयकू आलं नसन.”